जुना पीसी भंगारात काढायच्या आधी त्यात एसएसडी टाका: सगळी प्रोसेस सविस्तर

घरचा पीसी स्लो झालाय म्हणून नवीन घ्यायचा विचार चालू असेल तर आधी एक गोष्ट बघा. पीसी चालू करा, डेस्कटॉप दिसला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्कचा ग्राफ दोन मिनिटं बघत बसा. सीपीयू १०-१५ टक्क्यांवर, रॅम बरीचशी रिकामी, आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांना चिकटलेली. खाली रीड स्पीड बघितला तर सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी. असं दिसलं तर तुमचा पीसी म्हातारा झालेला नाही, त्यातली हार्ड डिस्क बाकी सगळ्यांना अडवून बसलीय, आणि तेवढीच बदलून एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, टाकायचीय.

पुण्यात घरोघरी, पेठांमधल्या छोट्या ऑफिसांत, सोसायटीच्या केबिनमध्ये असे कितीतरी आय३, आय५ वाले डेस्कटॉप आहेत की जे २०१३ ते २०१८ च्या दरम्यान घेतले आणि आता "चालत नाही" म्हणून कव्हर घालून ठेवलेत. आमच्या शेजारचे काका टॅक्सची कामं करतात, त्यांना एका दुकानात सरळ सांगितलं की काका हे टाका आता, नवीन घ्या. चौथ्या जनरेशनचा आय५, ८ जीबी रॅम, सगळं ठणठणीत! फक्त एसएसडी टाकली आणि त्याच मशीनवर ते आता टॅली, एक्सेल आणि पोर्टल सगळं एकदम उघडं ठेवून काम करतात.

हार्ड डिस्क एवढी का रखडते

हे समजून घ्या म्हणजे पुढे दुकानात कोणी मोठमोठे आकडे सांगितले तरी तुम्ही गोंधळणार नाही. ७२०० आरपीएमची डिस्क म्हणजे आतली तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवा असलेला भाग हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चार मिलिसेकंदांच्या थोडं वर, आणि त्याआधी हेडला बरोबर ट्रॅकवर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. झाले बारा-तेरा. म्हणजे वेगवेगळ्या जागी पडलेल्या छोट्या फायली वाचायच्या असतील तर सेकंदाला ७५-८० वेळाच जमतं, आणि प्रत्येक वेळी ४ केबीच वाचायचं असेल तर सेकंदाला ३००-३२० केबी. बास. सलग मोठी फाईल असेल तर हीच डिस्क शंभर एमबीच्या वर स्पीड देते, पण विंडोज चालू होताना, क्रोम उघडताना, अँटीव्हायरस स्कॅन करताना जे काम असतं ते हजारो बारीक तुकड्यांचं असतं. अप्पा बळवंत चौकात वीस पुस्तकांची यादी घेऊन गेलात आणि प्रत्येक पुस्तक वेगळ्या दुकानात मिळालं तर जेवढा वेळ चालण्यात जाईल तसाच इथे सगळा वेळ हेड हलवण्यात जातो.

एसएसडीत फिरणारं काही नाहीच, त्यामुळे असा एक तुकडा शोधायला ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. खरा फरक हा आहे. बॉक्सवर ५५० एमबी लिहिलेलं असतं ते सलग वाचनाचं, तुम्हाला रोज जाणवतो तो या छोट्या वाचनांचा फरक. म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे की हार्ड डिस्कवरून साध्या साटा (हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायच्या) एसएसडीवर आलात तर मशीन बदलल्यासारखं वाटतं, आणि साटावरून एनव्हीएमई या जास्त वेगवान प्रकारच्या एसएसडीवर गेलात तर ऑफिस, ब्राउझर, टॅली, शाळेचा अभ्यास यात फारसा फरक कळत नाही. फोर के व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर गोष्ट वेगळी.

घ्यायच्या आधी तुमच्या मशीनमध्ये काय आहे ते बघा

टास्क मॅनेजरमध्येच रॅम किती आहे ते दिसतं. ४ जीबी असेल तर एसएसडीबरोबर अजून ४ जीबीची स्टिक टाका, नाहीतर विंडोज रॅम कमी पडली की सारखं डिस्कवर लिहीत बसतं, एसएसडीवर ते कमी टोचेल पण टोचेलच. जुन्या बोर्डांना डीडीआर३ लागते, सहाव्या जनरेशनपासून बहुतेक डीडीआर४, दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत, तेव्हा जुनी स्टिक काढून फोटो काढून घेऊन जा.

मग मदरबोर्डचा नंबर. स्टार्टमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन असं टाईप करा, तिथे बेसबोर्ड प्रॉडक्टसमोर मॉडेल दिसेल, आणि त्याच पानावर बायोस (विंडोजच्या आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) मोडसमोर लेगसी म्हणजे जुन्या पद्धतीचं की यूईएफआय म्हणजे नव्या पद्धतीचं ते पण लिहून घ्या, पुढे लागणार आहे. आपल्याकडे घरगुती पीसीत सगळ्यात जास्त सापडतात ते इंटेलच्या एच६१ आणि एच८१ चिपसेटचे बोर्ड. एच६१ वर सगळे पोर्ट साटा दोनचे, म्हणजे ३ गिगाबिटचे, त्यावर ५५० एमबीची एसएसडी २५०-२८० च्या आसपासच जाईल. काही बिघडत नाही, वर सांगितलं तसं छोट्या वाचनाचा फायदा बहुतेक सगळा मिळतो. एच८१ वर चार पोर्टपैकी दोन ६ गिगाबिटचे असतात, बोर्डवर बारीक अक्षरात छापलेलं असतं किंवा कलर वेगळा असतो, एसएसडी त्यातल्याच एकाला लावा आणि जुनी डिस्क दुसरीकडे सरकवा.

एनव्हीएमई घ्यायची असेल तर आधी बोर्डवर एम डॉट टूचा स्लॉट (स्टिकसारखी एसएसडी थेट बसवायची खाच) आहे का बघा, आणि असला तरी तो साटावाला आहे की एनव्हीएमईवाला ते बोर्डच्या मॅन्युअलमध्ये वाचा, कारण दोन्ही दिसायला जवळपास सारखे. इंटेलच्या २०१४ च्या ९ सिरीज बोर्डांपासून एनव्हीएमईवरून बूट व्हायला, म्हणजे विंडोज चालू व्हायला, सुरुवात झाली, त्यात पण काहींना बायोस अपडेट लागतो. त्याआधीच्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस अडॅप्टर लावून एनव्हीएमई बसवली तर विंडोजच्या आत ड्राइव्ह दिसेल पण त्यावरून बूट होणार नाही, आणि आपल्याला तर बूटच करायचंय. तेव्हा २०१३-१४ चा बोर्ड असेल तर डोकं न लावता अडीच इंची साटा एसएसडी घ्या. अजून एक, काही बोर्डांवर एम डॉट टू स्लॉट भरला की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, मग लोक म्हणतात डीव्हीडी रायटर गेला किंवा जुनी डिस्क मेली. गेलेलं काही नसतं, केबल दुसऱ्या पोर्टला लावायची.

आणि विंडोजचं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठी नाव नोंदवून जादा सिक्युरिटी अपडेट घेण्याची जी सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. प्रोसेसर इंटेल आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा आणि टीपीएम २.० (सिक्युरिटीची सोय) असेल तर एसएसडी टाकतानाच विंडोज ११ करून टाका. त्याआधीचं मशीन असेल आणि वापर फक्त ब्राउझर, यूट्यूब, मेल एवढाच असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम खरंच मनापासून ट्राय करा, एसएसडीवर फार छान चालतं. टॅली किंवा मराठी टायपिंगचं श्रीलिपी लागत असेल तर मात्र विंडोजच ठेवावं लागेल.

कोणती आणि कुठून

साइज: विंडोज, ऑफिस, ब्राउझर आणि रोजच्या फायली यासाठी ५०० जीबी मध्यम आणि योग्य. २५० चालते, पण एसएसडी काठोकाठ भरली की लिहायचा स्पीड पडतो, १५-२० टक्के मोकळी ठेवायची असते, मग २५० मध्ये हात बांधल्यासारखं होतं. १२० जीबीच्या भानगडीत पडूच नका. फोटो, सिनेमे, जुने बॅकअप जुन्या हार्ड डिस्कवरच राहू द्या, ती पण वापरायचीच आहे आपल्याला.

बॉक्सवर किंवा कंपनीच्या साइटवर तीन गोष्टी बघायच्या. फ्लॅश, म्हणजे आतली चिप, टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट) आहे की क्यूएलसी (चार बिट), सिस्टीम ड्राइव्हसाठी टीएलसी घ्या. वॉरंटी ३ वर्ष आहे की ५ वर्ष. आणि टीबीडब्ल्यू म्हणजे वॉरंटीत एकूण किती टेराबाइट लिहायला चालतं तो आकडा. उदाहरण सांगतो, सॅमसंग ८७० इव्होच्या ५०० जीबीला ५ वर्ष किंवा ३०० टीबीडब्ल्यू अशी वॉरंटी आहे. रोज २० जीबी लिहिलं, जे घरी फार झालं, तरी वर्षाला ७.३ टीबी होतात, म्हणजे ३०० ला चाळीस वर्षं लागतील. त्यामुळे "एसएसडी लिहून लिहून झिजते" या भीतीने कोणी थांबू नका. एसएसडी जाते ती बहुतेक वेळा कंट्रोलर बिघडून, अचानक, आणि तेव्हा हार्ड डिस्कसारखी आधी खडखड करून सांगत नाही. म्हणून बॅकअप. त्यावर पुढे येतोच.

खरेदीला तपकीर गल्लीत किंवा कॅम्पात गेलात, कुठल्या ओळखीच्या दुकानातून घेतलीत किंवा ऑनलाइन मागवलीत, तिन्ही ठीक, पण जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी त्याच्यावरच मिळते. सील फुटलेला पॅक घेऊ नका. ऑनलाइन एक-दोन हजारात २ टीबी म्हणून जे विकतात ते खोटं असतं, आत छोटी चिप टाकून फर्मवेअरमध्ये आकडा वाढवलेला असतो, पहिले काही जीबी नीट कॉपी होतात आणि मग पुढच्या फायली कोऱ्या निघतात. एसएसडीबरोबर एक साटा डेटा केबल घ्या, अडीच इंचीला साडेतीन इंचीच्या खाचेत बसवायचा ब्रॅकेट घ्या, आणि पॉवर सप्लायला मोकळी साटा पॉवरची पिन नसेल तर स्प्लिटर. लॅपटॉप असेल तर यूएसबीला लावायचं साटा कनव्हर्टर, त्यात बहुतेक वेळा एकच डिस्क बसते म्हणून क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब कॉपी, बाहेरून करावं लागतं.

बॅकअप, आणि हे टाळायचं नाही

आधी क्रिस्टल डिस्क इन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून जुन्या डिस्कची तब्येत बघा. निळं आणि गुड दिसलं तर पुढे. पिवळं आणि कॉशन दिसत असेल, त्यात रीअ‍ॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा (खराब झालेल्या किंवा होऊ घातलेल्या जागांचा) आकडा शून्य नसेल, तर क्लोन वगैरे सगळं नंतर, आधी सगळ्यात महत्त्वाच्या फायली, म्हणजे घराची कागदपत्रं, मुलांचे फोटो, हिशेब, या क्रमाने बाहेरच्या डिस्कवर काढा. मरायला टेकलेल्या डिस्कवर चेक डिस्क किंवा तासभराचं क्लोन चालवलं तर त्या ताणातच ती बसू शकते.

डिस्क चांगली असली तरी बॅकअप घ्यायचाच, क्लोन करताना चुकून सोर्स आणि टार्गेट उलटे निवडले तर भरलेल्या डिस्कवर कोरी डिस्क लिहिली जाते आणि मग ते परत येत नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स एवढं बहुतेकांना आठवतं, राहतं ते बाकीचं. आपल्याकडची खास यादी देतो. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप केलेल्या जुन्या फायली असतील, लग्नपत्रिका, अहवाल, सोसायटीची इतिवृत्तं, तर त्या युनिकोडमध्ये नसतात, तो ठराविक फॉन्ट नसला की सगळं रोमन अक्षरांची खिचडी दिसतं, तेव्हा विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट वेगळे कॉपी करा आणि डोंगल असेल तर कुठे आहे ते शोधून ठेवा. टॅलीचा डेटा फोल्डर कॉपी करा, आणि नवीन विंडोज टाकणार असाल तर टॅलीच्या आतून लायसन्स आधी सरेंडर करा, मग नव्या विंडोजवर परत अ‍ॅक्टिव्हेट होतं. डिजिटल सिग्नेचर टोकनमध्येच असते, ती जात नाही, फक्त टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटीसाठी लागणारं ईएमसाइनर परत टाकावं लागतं. ब्राउझरचे पासवर्ड सिंक आहेत का बघा. आउटलुक वापरत असाल तर मेल साठवणारी पीएसटी फाईल पण कॉपी करा.

अजून एक महत्त्वाचं, सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एनक्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का बघा. असेल तर क्लोनआधी बंद करा, ते पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या, आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

क्लोन करायचं की विंडोज नव्याने टाकायचं

माझं मत: आठ-दहा वर्षांचं विंडोज असेल, टूलबार, जुने अँटीव्हायरस, प्रिंटरची चार ड्रायव्हरं साठलेली असतील, तर नव्याने टाका, एक दिवस जातो पण नंतर मशीन स्वच्छ. जिथे टॅली, श्रीलिपी, कोणी एके काळी बसवून दिलेलं अकाउंटचं सॉफ्टवेअर ज्याची सीडी पण सापडत नाही आणि बसवून देणारा पण सापडत नाही, तिथे क्लोन. शेजारच्या काकांचं क्लोनच केलं, रिटर्न भरायचे दिवस होते आणि सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी जसंच्या तसं हवं होतं.

लायसन्सची काळजी करू नका, विंडोज १० आणि ११ चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डला बांधलेलं असतं, डिस्क बदलल्याने जात नाही, नवीन टाकताना की मागितली तर "माझ्याकडे की नाही" निवडा आणि जुनंच एडिशन निवडा, इंटरनेट लागलं की अ‍ॅक्टिव्हेट होतं.

बसवणं

गुरुवारी हे काम काढू नका, पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुतेक गुरुवारीच असतात आणि क्लोन अर्ध्यात असताना लाइट गेली तर परत पहिल्यापासून. यूपीएस असेल तर उत्तमच.

पीसी शट डाउन करा, मागची मेन पिन काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे आत साठलेला करंट निघून जातो. केसची डावी बाजू उघडा. आत धूळ असणारच, रस्त्याकडेच्या घरात तर थर असतो, ब्लोअर किंवा मऊ ब्रशने काढा, पंखा बोटाने धरून ठेवा म्हणजे गरगर फिरणार नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा कोरडी असते, स्वेटर काढताना चट्‌चट्‌ आवाज येतो ना, तीच स्थिर वीज चिपला मारू शकते, म्हणून सुती कपडे घाला, सतरंजीवर न बसता टेबलावर काम करा आणि मधूनमधून केसच्या न रंगवलेल्या लोखंडाला हात लावत राहा.

अडीच इंची एसएसडी ब्रॅकेटला चार बारीक स्क्रूंनी बसवा, एसएसडीचं वजन काहीच नसतं आणि आत हलणारं पण काही नसतं, त्यामुळे ब्रॅकेट नसला तर दोन स्क्रूवर केसच्या तळाला बसली तरी चालते, फक्त लोंबकळत ठेवू नका. आता कनेक्टर. साटाच्या दोन्ही पिना इंग्रजी एल आकाराच्या असतात, छोटी डेटाची, लांब पॉवरची. आधी डोळ्यांनी एलचा कोपरा कुठल्या बाजूला आहे ते बघा आणि मग सरळ रेषेत आत ढकला. तिरका जोर दिला तर ड्राइव्हवरची ती काळी प्लास्टिकची जीभ तुटते, आणि ती तुटली की नवी कोरी एसएसडी पण गेली, वॉरंटीत बसत नाही. डेटा केबलला पत्र्याची क्लिप असेल तर टक् असा आवाज येईपर्यंत.

एम डॉट टू असेल तर स्टिक साधारण ३० अंशात तिरकी धरून स्लॉटमध्ये सारा, पूर्ण आत गेली की सोनेरी पट्टी जेमतेम दिसते, मग दुसरं टोक हलकेच खाली दाबा आणि तो मुंगीएवढा स्क्रू लावा. तो स्क्रू बहुतेक वेळा मदरबोर्डच्या बॉक्समध्ये असतो आणि बॉक्स कधीच टाकून दिलेला असतो, म्हणून एसएसडी घेतानाच दुकानदाराकडून मागून घ्या. आडवी ठेवून जोरात ढकलू नका.

क्लोन कसं करायचं

दोन्ही डिस्क लावून जुन्यावरून पीसी चालू करा. आधी जुन्या सी ड्राइव्हचा पसारा कमी करा, रिसायकल बिन, डिस्क क्लीनअप, जुनं विंडोज डॉट ओल्ड फोल्डर. सी वर जेवढा माल भरलाय तो एसएसडीच्या साइजपेक्षा चांगलाच कमी पाहिजे.

सॉफ्टवेअर एसएसडीच्या कंपनीचंच वापरा, सॅमसंगचं स्वतःचं आहे, डब्ल्यूडी आणि क्रुशियलच्या ड्राइव्हबरोबर अ‍ॅक्रॉनिसचं चालतं. मॅक्रियमचं फुकट व्हर्जन पूर्वी सगळे वापरायचो, ते आता बंद झालंय. क्लोनझिला फुकट आणि भरवशाचं आहे, पण साध्या सेटिंगमध्ये मोठ्या डिस्कवरून छोट्या डिस्कवर होत नाही आणि स्क्रीन सगळी अक्षरांची, नवख्या माणसाने एकट्याने करू नये.

समजा जुनी डिस्क १ टीबीची आहे, त्यात सी २०० जीबी आणि डी ७०० जीबी, आणि एसएसडी ५०० ची. अशा वेळी अख्खी डिस्क क्लोन करायची नाही, फक्त सिस्टीमचे भाग घ्यायचे: यूईएफआय मशीनवर सुरुवातीचा १०० एमबीच्या आसपासचा ईएफआय भाग, त्यानंतरचा छोटा रिझर्व्ह्ड, सी, आणि रिकव्हरी. लेगसी मशीनवर सिस्टीम रिझर्व्ह्ड आणि सी. हा छोटा भाग राहून गेला आणि एकटा सी कॉपी केला तर सगळ्या फायली एसएसडीवर असतील पण बूट होणार नाही, आणि नेमकं हेच सगळ्यात जास्त वेळा होताना दिसतं.

टार्गेट निवडताना नावावर जाऊ नका, साइज आणि मॉडेल नंबर दोन्ही बघा, घरातल्या दुसऱ्या माणसाला पण दाखवा, आणि मगच ओके करा. १५० जीबी माल असेल आणि जुनी डिस्क सेकंदाला ८० एमबी देत असेल तर अर्धा तास, फायली विखुरलेल्या असतील तर तास किंवा जास्त. तेवढा वेळ पीसीवर दुसरं काही करू नका.

पहिलं बूट

क्लोन झालं की शट डाउन करा आणि जुन्या डिस्कची डेटा केबल काढा. दोन्ही लावून पहिल्यांदा चालू केलं तर विंडोज कुठल्या डिस्कवरून उठलं ते कळत नाही, कधी कधी नव्या सी ला दुसरंच अक्षर मिळतं, आणि लेगसी मशीनवर दोन्ही डिस्कची सही सारखी असल्यामुळे विंडोज एक डिस्क ऑफलाइन करून टाकतं. एकटी एसएसडी लावून चालू करा, डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, एसएसडी दिसतेय का बघा, बूटमध्ये तिला पहिला नंबर द्या. यूईएफआय मशीनवर तिथे विंडोज बूट मॅनेजर असं नाव दिसेल, तेच निवडायचं.

साटा मोड एएचसीआय (डिस्क चालवायची नवी पद्धत) आहे का ते पण बघा. जुन्या बोर्डावर आयडीई (जुनी पद्धत) असेल तर तिथल्या तिथे बदलू नका, विंडोज निळी स्क्रीन देऊन थांबेल. आधी विंडोजमध्ये जाऊन सिस्टीम कॉन्फिगरेशनमध्ये सेफ बूटवर टिक करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये उठून ड्रायव्हर स्वतः लावून घेईल, मग टिक काढा आणि नेहमीसारखं चालू करा.

नव्याने विंडोज टाकणाऱ्यांनी पण जुन्या डिस्कची केबल काढूनच टाका. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तयार करा. जुनी डिस्क लावलेली राहिली तर सेटअप पुष्कळदा बूटचा भाग तिच्यावरच ठेवतो, सगळं छान चालतं, आणि वर्षभराने ती जुनी डिस्क काढली किंवा मेली की पीसी चालूच होत नाही आणि कोणाला कळत नाही का.

नंतरची कामं

दोन दिवस नीट चालू दे, मग जुनी डिस्क परत लावा. विंडोजमध्ये डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज उघडून बघा, सी समोर सॉलिड स्टेट ड्राइव्ह लिहिलेलं असलं पाहिजे. तिथे ऑप्टिमाइझ दाबलं तर विंडोज डीफ्रॅग करत नाही, ट्रिम पाठवतं, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाली असं एसएसडीला सांगतं. ते शेड्यूल चालू राहू द्या. बाहेरचं डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर मात्र काढून टाका. पेज फाईल बंद करा, इंडेक्सिंग बंद करा असे जुने सल्ले सांगणारे भेटतात, काही करू नका, विंडोजला त्याचं ते कळतं.

क्लोन केल्यावर डिस्क मॅनेजमेंटमध्ये शेवटी मोकळी जागा उरलेली दिसेल आणि सी वाढवायचा ऑप्शन फिका असेल, कारण मध्ये रिकव्हरीचा भाग आलाय. क्लोन करतानाच सी ची साइज ओढून मोठी केली तर हा प्रश्न येत नाही.

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स या फोल्डरांवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग लोकेशन, तिथून ते डी वर हलवता येतात. फोटो आणि डाउनलोड्स हलवाच. वनड्राइव्ह चालू असेल तर आधी त्याचा फोल्डर बॅकअप बंद करा, नाहीतर दोघांची ओढाताण होते.

आता जुनी डिस्क. तिच्यावरचं जुनं विंडोज लगेच पुसू नका, महिनाभर तसंच राहू दे, काही राहिलंय असं लक्षात आलं तर तिथून उचलता येईल. त्यानंतर क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये ती निळी असेल तर जुना सी फॉरमॅट करून डेटासाठी वापरा, आणि एसएसडीवरच्या महत्त्वाच्या फोल्डरांचा रोज बॅकअप तिच्यावर लावा, विंडोजमधलं फाईल हिस्टरी त्याला पुरेसं आहे. एसएसडी एकदा बसली की ट्रिममुळे पुसलेला डेटा परत काढणं जवळपास अशक्य असतं, रिकव्हरीवाले पण हात टेकतात, त्यामुळे ही दुसरी कॉपी असलीच पाहिजे, आणि घराची कागदपत्रं, फोटो यांची अजून एक कॉपी पीसीच्या बाहेर एखाद्या यूएसबी हार्ड डिस्कवर.

डिस्क पिवळी असेल तर वापरू नका. कोणाला देणार असाल किंवा टाकणार असाल तर क्विक फॉरमॅट पुरत नाही, त्यात बँकेची स्टेटमेंटं, पॅनच्या कॉप्या सगळं तसंच राहतं. विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांडमधलं क्लीन ऑल (अख्खी डिस्क पुसणारं) चालवा, पण त्याआधी एसएसडीची केबल काढून पेन ड्राइव्हवरून बूट करा म्हणजे चुकीची डिस्क पुसली जायचा प्रश्नच नाही, १ टीबीला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. डिस्क चालतच नसेल तर कव्हर उघडून तबकडीवर ओरखडे मारा किंवा ड्रिलने भोकं पाडा, हे करताना चष्मा घाला, लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी काचेची असू शकते. आणि उरलेलं सुक्या कचऱ्यात टाकू नका, पुण्यातल्या कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या संस्थेच्या ई-कचरा संकलनात द्या, तुमच्या दारी येणाऱ्या कचरावेचक ताईंना विचारलंत तर पुढचं संकलन कधी आणि कुठे आहे ते त्या सांगतील.